शेताचा संगणकातील जुळा : कारखान्यातील तंत्र, ओलिताचा हिशोब



शेततळ्यात पाणी मोजके आणि हरभरा उभा, अशा वेळी ओलित आज द्यावे की आठ दिवस थांबावे, हा निर्णय चुकल्यास पाणीही जाते आणि उत्पन्नही घटते. कारखान्यांत अशाच निर्णयांसाठी ‘डिजिटल ट्विन’ म्हणजे यंत्राचा संगणकातील जुळा वापरतात. हे तत्त्व आपल्या वऱ्हाडातील शेतीला कसे लागू पडते, ते पाहू.

जुळा म्हणजे काय?

जिनिंगमधील रेच्याचे उदाहरण घ्या. त्याचा नुसता आराखडा संगणकात ठेवला तर तो जुळा होत नाही. बेअरिंगचे तापमान, मोटारीचा वीजप्रवाह आणि यंत्राची थरथर यांच्या नोंदी संवेदकांमार्फत संगणकात सतत येत राहिल्या आणि त्यांवरून यंत्राची आजची स्थिती व पुढील झीज कळू लागली, तरच तो जुळा. त्यामुळे बेअरिंग जळण्यापूर्वीच दुरुस्ती करता येते व ऐन हंगामात काम बंद पडत नाही.

एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ यानाची ऑक्सिजनची टाकी अंतराळात फुटली, तेव्हा यानाची परिस्थिती जमिनीवरील प्रतिरूप यंत्रांवर उभी करून परतीचे उपाय आधी तपासले गेले. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतील डॉ. मायकेल ग्रीव्हज यांनी कारखान्यांसाठी ही कल्पना मांडली.

आपल्या भागातील नजीकचे उदाहरण

२०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजेच ‘पोकरा’त, अकोला व अमरावती जिल्ह्यांतील गावे आणि पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा यांचा समावेश झाला. त्यासाठी मुंबईच्या आयआयटीने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडणारी संगणकीय पद्धत तयार केली. पाऊस, जमिनीचा प्रकार व खोली, उतार आणि पिके ही माहिती दिली असता किती पाणी वाहून गेले, किती मुरले, जमिनीत किती ओल राहिली आणि पिकाला किती कमी पडले, याचा अंदाज मिळतो.

मात्र हा गावाचा हिशोब आहे. एकाच शिवारात एकाची बरड तर दुसऱ्याची भारी काळी जमीन असते. तुमच्या शेतातील प्रत्यक्ष ओल त्या हिशोबाशी ताडून पाहिल्याखेरीज तो तुमच्या शेताचा जुळा होत नाही. हे काम वहीतही करता येते.

वहीतील जुळा

१) ओलीचे भांडवल : भारी जमिनीत एक मीटर खोलीत पिकाला उपलब्ध होणारी ओल साधारण १२० ते २०० मि.मी. असते. १५० मि.मी. धरल्यास हरभऱ्याच्या ६० सें.मी. मुळांच्या थरात ९० मि.मी. ओल होते.

२) ओलिताची मर्यादा : त्यातील निम्मी, म्हणजे ४५ मि.मी. ओल संपली की ओलिताची वेळ आली असे समजावे.

३) रोजचा हिशोब : कालच्या तुटीत आजचा पिकाचा वापर मिळवावा, पाऊस व ओलित वजा करावे. तूट शून्याखाली नेऊ नये.

उदाहरणार्थ, जमीन पूर्ण ओली असताना सुरुवात केली आणि पिकाचा वापर रोज ३ मि.मी. धरला, तर १५ व्या दिवशी तूट ४५ मि.मी. होते. मधे १२ मि.मी. पाऊस मुरला तर हीच वेळ १९ व्या दिवशी येते. प्रत्यक्षात वापर रोपावस्थेत कमी, फुलोरा व घाटे भरताना जास्त असतो. त्याप्रमाणे आकडा बदलावा.

४) पडताळणी : दर आठवड्याला १५, ३० व ४५ सें.मी. खोलीवरची माती काढून मुठीत दाबावी. गोळा घट्ट होऊन बोटांत पट्टी निघत असेल तर ओल पुरेशी आहे; गोळा फुटत असेल तर ओल कमी झाली आहे. वही आणि माती यांत फरक पडल्यास मातीचे ऐकावे व वहीतील आकडा दुरुस्त करावा.

शेततळ्याचाही जुळा ठेवा

३० × ३० × ३ मीटरच्या, १:१ उताराच्या शेततळ्यात २१९६ घनमीटर पाणी मावते. परंतु पाणी दीड मीटरवर आले म्हणजे निम्मे उरले असे समजू नये. तळाकडे तळे अरुंद असल्याने सुमारे ९७६ घनमीटरच उरते. ४५ मि.मी. ओलितास हेक्टरी ४५० घनमीटर पाणी लागते. म्हणजे या साठ्यात वहन व बाष्पीभवनाची तूट जाता दोन हेक्टरांचे एक ओलितही जेमतेम होईल. म्हणून तळ्यात मोजपट्टी लावून दर आठवड्याला पातळी लिहावी व पेऱ्याचे क्षेत्र त्यानुसार ठरवावे.

घ्यावयाची काळजी

• खारपाणपट्ट्यात क्षारांमुळे असलेली सर्व ओल पिकाला घेता येत नाही, त्यामुळे ४५ मि.मी.ची मर्यादा तेथे कमी धरावी.
• तेथील विहिरीचे खारे पाणी तपासणी केल्याशिवाय ओलितास वापरू नये.
• भारी जमिनीत हरभऱ्याला जादा पाणी देऊ नये. पीक माजते आणि उभळते.
• पर्जन्यमापक शेतातच ठेवावे. मंडळात पडलेला पाऊस आपल्या शेतात पडलाच असे नाही.

संगणक असो वा वही, जुळ्याचे मोल ताज्या नोंदीत आहे. येत्या रब्बीत एका एकरावर हा हिशोब ठेवून पाहावा आणि शंका असल्यास जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी किंवा अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी संपर्क साधावा.