ऐकणाऱ्याची भाषा : प्रश्न कसा विचारावा?

प्रास्ताविक

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने २०१५ मध्ये परभणीसह १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. घरोघरी जाऊन मानसिक ताणाची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण त्यात आशा स्वयंसेविकांना दिले गेले. तरुण मुलांशी बोलताना पालकांना व शिक्षकांनाही हे कौशल्य लागते. ते बव्हंशी भाषिक आहे.

विषय-विवेचन

'तुला काही त्रास नाही ना?' यातील 'नाही ना' ही रचना नकाराचीच अपेक्षा करते. मुलगा 'नाही' म्हणतो आणि संवाद संपतो. 'अलीकडे कसं वाटतंय?' या प्रश्नाचे उत्तर मात्र हो-नाहीत आटोपत नाही.

मुले 'नैराश्य' हा शब्द क्वचितच वापरतात; 'कशातच मन लागत नाही', 'जीव नकोसा झालाय' असे म्हणतात. हे बोलणे केवळ वाक्प्रचार समजून सोडू नये. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे शांतपणे, स्पष्ट विचारावे. येथील 'का' कोणत्याही उत्तराकडे झुकत नाही. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलण्यास वाट मिळते. होकार आल्यास त्याला एकटे सोडू नये, कीटकनाशके त्याच्या हाती लागू देऊ नयेत आणि 'टेली-मानस'च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकाशी वा शासकीय रुग्णालयाशी तत्काळ संपर्क साधावा.

आपली प्रगती तपासा

'अभ्यास नीट चाललाय ना?' या वाक्याची पुनर्रचना करा. दोन्ही रचनांतून अपेक्षित असलेल्या उत्तरांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.