नऊशे रुपयांची रात्र आणि नववीचं 'अर्थनियोजन'



नववीच्या बीजगणितात 'अर्थनियोजन' नावाचं प्रकरण आहे. बचत, गुंतवणूक, कर असं सगळं त्यात येतं. दरवर्षी मी ते फळ्यावर शिकवते आणि मुलं पाठ करतात. पाठच करणार, कारण वर्गातल्या निम्म्याहून जास्त घरांत दर महिन्याला ठरलेला पगार येतच नाही. यंदा हे प्रकरण मी एका बँजो पार्टीच्या हिशोबावर शिकवलं. ते कसं, ते इथे लिहिते. कोणाला आपल्या वर्गात वापरावंसं वाटलं तर जरूर वापरा.

सुरुवात झोपेपासून झाली. हेंद्रेपाड्याचा एक मुलगा फेब्रुवारीत वर्गात डोकं टेकून झोपायला लागला. एकदा नाही, आठवड्यात दोनदा. विचारलं तर शेजारचा बोलला, "बाई, काल त्याची हळद होती." मी म्हटलं, त्याची? पंधरा वर्षांच्या पोराची? सगळा वर्ग हसला. "बाई, सुपारी होती त्याची. ढोल वाजवतो तो."

बाहेरगावच्या वाचकांनी सुपारी शब्दाला दचकू नये. वाजंत्र्यांच्या भाषेत सुपारी म्हणजे ठरलेला कार्यक्रम, आणि तो पक्का करायला आगाऊ दिलेली रक्कम म्हणजे इसार. आमच्या बदलापूर-अंबरनाथकडच्या आगरी गावांत लग्नापेक्षा आदल्या रात्रीची हळद मोठी. मांडवात धवलारीण धवले गाते आणि बाहेर अंगणात बँजो पार्टी.

मधल्या सुट्टीत त्याला बाजूला घेतलं. अभ्यासाचं बोलायला लागले तर त्यानं मलाच गणित घातलं. "बाई, एका रात्रीचे नऊशे मिळतात. गुणिले तीस, सत्तावीस हजार. दहावी, बारावी करून एवढे कोण देतं?" नववीनंतर शाळा सोडायचं त्यानं मनात पक्कं केलं होतं. गुणाकार बरोबर होता. सत्तावीस हजार ऐकून मीही क्षणभर गप्प झाले, खोटं कशाला बोलू! पण त्या तीसमध्येच काहीतरी चुकत होतं आणि ते मी सांगण्यापेक्षा त्यानंच शोधावं असं वाटलं.

म्हणून त्याच्या पार्टीच्या बँजोमास्टरना वर्गात बोलावलं. मुख्याध्यापकांनी एकच अट घातली, वाजवायचं नाही. ते डायरी घेऊन आले आणि बरोबर बँजोही आणला, नुसता दाखवायला. ज्याला आपण बँजो म्हणतो तो मुळात बुलबुलतरंग. टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि दुसऱ्या हातानं तारा छेडायच्या. हे वाद्य जपानच्या ताईशोगोतोवरून आलं, जे 1912 मध्ये नागोया शहरात तयार झालं. अमेरिकेतला बँजो वेगळाच, त्याला बटणं नसतात. नागोयातलं वाद्य आमच्याकडे कोळीगीतं वाजवतंय हे ऐकून मुलं खूश झाली. नकाशात नागोया शोधण्यात दहा मिनिटं गेली, ती मी जाऊ दिली.

मग हिशोब. डायरीतली एक हळद फळ्यावर मांडली. सुपारी 24,000 रुपये. टेम्पो 3,000, साऊंड आणि जनरेटर 5,000, चहा-नाश्ता 600, तारा-पानं-दुरुस्ती 1,000. खर्च 9,600, उरले 14,400. पार्टीत माणसं चौदा, पण बँजो आणि कीबोर्डवाल्याला दोन वाटे, म्हणजे सोळा वाटे. भागाकार केला आणि नऊशे आले. इथे 'गुणोत्तर व प्रमाण'ची उजळणी आपोआप झाली. दोन वाटे का, यावर वर्गात भांडण झालं. ढोलवाल्याला जास्त श्रम पडतात, त्याला का नाही? मास्टर म्हणाले, ढोलवाला आजारी पडला तर दुसरा मिळतो, बँजोवाला नाही मिळाला तर इसार परत करावा लागतो. (मला स्वतःला हे पूर्ण पटलेलं नाही, पण मुलांना पटलं.)

त्यानंतर मी त्याच मुलाला 2025 ची डायरी दिली आणि महिन्यावार सुपाऱ्या मोजायला सांगितल्या. जानेवारी 2, फेब्रुवारी 5, मार्च 2, एप्रिल 6, मे 9, जून 2, जुलै शून्य. दहीहंडी आणि गणपतीमुळे ऑगस्ट 5, सप्टेंबर 5. ऑक्टोबर 1. तुळशीचं लग्न लागल्यावर नोव्हेंबर 4, डिसेंबर 3. बेरीज 44. चव्वेचाळीस गुणिले नऊशे, 39,600. भागिले बारा, 3,300.

त्यानं तो भागाकार दोनदा केला. वर्गात कोणी हसलं नाही. आणि हे आकडे एका पार्टीचे आहेत, मोठ्या नावाच्या पार्ट्यांचे जास्त असतील, हेही मी सांगितलं. त्याची चूक कच्च्या गणिताची नव्हतीच. मुलाच्या हातात रात्रीचे पैसे पडतात, वर्षाचे कधीच पडत नाहीत. रोजावर काम करणाऱ्या कित्येक पालकांचंही हेच होतं. पुस्तकातलं अर्थनियोजन खरं तर इथून सुरू व्हायला हवं.

मास्टरनी पुढे जे सांगितलं ते पुस्तकात नाही. कार्यक्रम संपल्यावर उरलेले पैसे "उद्या देतो" म्हणणारे यजमान. वाजवून झाल्यावर जेवायला बसावं तर तळाला नुसती आमटी. दारू पिऊन कॉलर धरणारा नवरदेवाचा मित्र, आणि तोच मघाशी नोट ओवाळून देत होता. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीचं पाणी पश्चिमेला शिरलं तेव्हा तळमजल्याच्या खोलीत ठेवलेले ढोल फुगले आणि कीबोर्ड गेला, तोही ऐन गणपतीच्या तोंडावर. मार्च 2020 च्या टाळेबंदीत अख्खी लग्नसराई बुडाली, तेव्हा त्यांनी भाजी विकली. हे सगळं ते तक्रारीच्या सुरात बोलत नव्हते.

एका मुलीनं विचारलं, मग सोडत का नाही? ते म्हणाले, गणपतीच्या आगमनाला पूर्ण रस्ता आपल्या ठेक्यावर चालतो तेव्हा खाली उतरावंसं वाटत नाही. आणि नवीन गाणं आलं की रात्री मोबाईलवर चार वेळा ऐकून दुसऱ्या दिवशी चौदा जण एकत्र वाजवतात, कुणाकडे कागद नसतो. हे ऐकताना आमचा ढोलवाला ताठ बसला होता. पालकांनो, 'बँडवाला होणार का?' हे वाक्य घरात शिवी म्हणून वापरत असाल तर थोडं थांबा. चार वेळा ऐकून पाठ करणारं पोर मठ्ठ नसतं.

दुसरा तास आवाजाचा घेतला. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा, आणि लाऊडस्पीकर रात्री 10 ते सकाळी 6 बंद. सणांचे काही ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, हळदीला नाही. पण मुलांना जास्त लागलं ते कानाचं गणित. 85 डेसिबल आवाजात आठ तास ही सुरक्षित सीमा धरतात आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा, 100 ला पंधरा मिनिटं. स्पीकरच्या गाडीपुढे तो चार-पाच तास उभा असतो. मास्टर मागच्या बाकावरून म्हणाले, "म्हणूनच मला डाव्या कानानं कमी येतं." आता पार्टीतले सगळे कानात बोळे घालतात. मेडिकलमध्ये मिळणारे, कापसाचे नव्हेत.

कायद्याचा भाग मी वर्गात नाही, त्याच्या आई-वडिलांशी आणि मास्टरांशी बोलले. 2016 च्या दुरुस्तीनंतर बालमजुरी कायद्यात 14 ते 18 वर्षांच्या मुलांकडून संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळात काम करून घेता येत नाही. म्हणजे हळद त्याला बंदच. मास्टरना हे माहीत नव्हतं. वडील नाराज झाले, कारण ते नऊशे घरात येत होते आणि मी काही ते भरून देणार नव्हते. हे मला अजून टोचतं. शेवटी ठरलं ते असं, की सराव रविवारी दुपारी आणि वाजवायचं फक्त दिवसाच्या मिरवणुकीत. दहावीची परीक्षा होईपर्यंत रात्रीची सुपारी नाही.

सोमवारी तो आता जागा असतो. दहावीला नक्की बसणार का, विचारलं की "बघू बाई" म्हणतो.

मागच्या आठवड्यात तो आपणहून कालनिर्णय घेऊन आला. यंदा 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे, लग्नं नाहीत. गेल्या वर्षीच्या मे-जूनमधल्या त्या तारखांच्या सात सुपाऱ्या त्यानं खोडल्या होत्या. 37 गुणिले 900, 33,300. महिन्याला 2,775. मी म्हटलं, अरे, ती लग्नं आधी किंवा नंतर होतीलच की. तो म्हणाला, "होतील, पण सगळी त्याच मुहूर्तांवर. एका रात्री तीन हळदी आल्या तरी पार्टी एकच वाजवणार ना, बाई?"