दार लावायला शिकव

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या विशेष शाळेत थोरल्यांचा वर्ग मिळालाय ना तुला? मग पहिल्याच आठवड्यात एखादा मुलगा चड्डीत हात घालून बसलेला दिसेल. ओरडू नकोस. पट्टी तर मुळीच उगारू नकोस. मी एकदा मारली होती. तो हात काढायला शिकला नाही, मला घाबरायला शिकला. आधी बघ, चड्डी घट्ट आहे का, खाज सुटलीय का, लघवीला लागलीय का. तसं नसेल तर हळू आवाजात रोज एकच वाक्य: "इथं नाही. घरी, एकटा असताना, दार लावून." आणि लगेच हाताला काम दे. घरच्यांनाही तेच वाक्य म्हणायला सांग. एका खोलीचं घर असेल तर न्हाणीघर ठरवून दे.

अवयवांची खरी नावं शिकव. लिंग, योनी, स्तन. जीभ अडखळते ना? शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मोठ्यानं म्हण. ज्या मुलीला 'तिकडं' एवढाच शब्द येतो, तिच्यावर काय ओढवलं ते ना डॉक्टरांना कळतं, ना पोलिसांना.

पाळीचा सराव पाळी येण्याआधीच सुरू कर. पॅडवर लाल रंग टाकून, मुलीच्याच निकरवर. लावायचं, बदलायचं, कागदात गुंडाळून टाकायचं, हात धुवायचे. पायऱ्यांची चित्रं संडासाच्या दाराला आतून चिकटव. 1994 साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या अशाच मुलींची गर्भाशयं पुण्यात ससूनमध्ये काढली गं. कारण दिलं ते हेच, पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही. किती दिवस शिकवून पाहिलं होतं, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

स्टाफरूममध्ये एखाद्या बाईकडून ऐकशील, "त्यांना काय कळतंय?" तीच बाई थोड्या वेळानं म्हणेल, "सांगितलं तर नको ते सुचेल." वाद घालू नकोस. तिला तुझ्या तासाला बसव.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच आहे. 'सांगितलं की ऐकायचं' हेच आपण यांना वर्षानुवर्षं शिकवतो. मग ती रिक्षावाल्या काकांचंही ऐकतात. म्हणून 'नको' म्हणायला शिकव, आणि तुला म्हटलेला 'नको' आधी तू पाळ. गालाला हात लावण्यापूर्वी विचार. अठरा वर्षांचा मुलगा मिठी मारायला आला तर हात पुढे कर, हात मिळवू दे.

कुणी अत्याचाराचं काही सांगितलं तर उलटतपासणी नको. ते शब्द जसेच्या तसे लिही आणि त्याच दिवशी पोलिसांना कळव. मूल अठराच्या आतलं असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं ते बंधनकारकच आहे, मुख्याध्यापक 'थांबा' म्हणाले तरी.

आणि वडिलांना बोलव. आया येतातच. रात्री झोपेत वीर्यानं ओली झालेली चड्डी मुलगा गादीखाली लपवतो, तेव्हा 'हा आजार नाही' हे त्याला बापाकडून कळायला हवं. सभा रविवारी ठेव, कामाच्या दिवशी ते येत नाहीत.