कायानुपस्सना आणि सैनिकाचे मन



सतिपट्ठान सुत्तात तथागतांनी स्मृतीची चार क्षेत्रे सांगितली आहेत : काय, वेदना, चित्त आणि धम्म. त्यांत काया पहिली आहे. मन चंचल आहे, ते चटकन हाती लागत नाही. परंतु श्वास आत गेला, बाहेर आला, हे निरक्षर माणसालाही कळते. ही कायानुपस्सना आज सैनिकांच्या उपचारात कशी उपयोगी पडत आहे, ते या पाठात पाहू.

लढाईवरून परतलेल्या काही जवानांना घरी आल्यावरही स्वस्थता लाभत नाही. फटाका वाजला की छाती धडधडते, मुठी आवळतात, रात्री दचकून जाग येते. 1980 साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने या विकाराची अधिकृत नोंद केली. मराठीत त्याला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. घरची माणसे मात्र म्हणतात, 'हा तापट झाला', नाहीतर 'बाहेरची बाधा झाली'. ही बाधा नव्हे, मनाची जखम होय. तिच्यावर गंडादोरा हा इलाज नाही.

1979 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे जॉन कबात-झिन यांनी रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. बौद्ध ध्यानपरंपरेतून घेतलेली एक रीत त्यात होती : आडवे पडून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे क्रमाने लक्ष नेणे. हाच अभ्यास पुढे माजी सैनिकांना शिकवला गेला. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे 116 माजी सैनिक होते. अभ्यास करणाऱ्यांचा त्रास दुसऱ्या उपचाराच्या गटापेक्षा अधिक उतरला. पण विकारातून पूर्ण मुक्त झालेल्यांच्या प्रमाणात मोठा फरक पडला नाही. म्हणजे उपाय उपयोगी आहे, पण जादू नव्हे.

रुग्णालय दूर असेल तर काय करावे? 2024 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जुनाट वेदनेने त्रस्त अशा 811 माजी सैनिकांचा समावेश होता. काहींनी आठ आठवडे ऑनलाइन वर्गात एकत्र, तर काहींनी आपापल्या सवडीने ध्वनिचित्रफिती पाहून, मधूनमधून फोनवर मार्गदर्शन घेत अभ्यास केला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा दोन्ही गटांची वेदनेमुळे होणारी अडचण कमी झाली. औदासीन्य आणि आघाताची लक्षणेही उतरली.

असे का घडते? राग शब्दांत येण्याआधी तो शरीरात येतो. जबडा घट्ट होतो, श्वास आखूड होतो. हे ज्याला वेळीच कळते, त्याला थांबायला क्षणभर अवसर मिळतो. तोच क्षण बायकोमुलांना मारापासून वाचवतो.

कोणी विचारील, सैनिकांना स्मृती शिकवणे म्हणजे नेम सुधारणे तर नव्हे? प्रश्न योग्य आहे. युद्धावर जाणाऱ्या तुकड्यांनाही अमेरिकेत असे शिक्षण दिले गेले आहे. परंतु अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती एकटी नाही. सम्यक कर्मान्त तिच्यासोबत आहे. शीलावाचून केवळ लक्ष एकाग्र करणे ही सम्यक स्मृती नव्हे. मात्र जखमी मनाची शुश्रूषा करणे ही करुणाच होय.

आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांतून मुले महार रेजिमेंटमध्ये आणि इतर पलटणींत गेली आहेत. असा कोणी घरी आला तर त्याला खोदून विचारू नका. सायंकाळी कुटुंबाने दहा मिनिटे एकत्र बसावे. पाय जमिनीला टेकलेले जाणवू द्या, खांदे सैल सोडा, श्वास जसा आहे तसा पाहा. जुने प्रसंग उसळून आले तर डोळे उघडा, अभ्यास थांबवा, बळजबरी करू नका. झोप उडाली असेल, दारू वाढली असेल वा जीव देण्याची भाषा तोंडी येत असेल, तर ध्यानावर विसंबू नका, डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस ही शासकीय सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य आहे. सैन्यदलांसाठी तिचा खास कक्ष 1 डिसेंबर 2023 रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.

मदत मागण्यात कमीपणा नाही. दुःख आहे हे मान्य करणे, ही धम्माची पहिली पायरी आहे.