परोपकाराचे पहिले फळ घराला

चैत्र-वैशाखात यवतमाळ जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. कळंबच्या श्रीचिंतामणीला, आर्णीमार्गे माहूरला किंवा दिग्रसहून पोहरादेवीला निघालेल्या भाविकांना अशा वेळी रस्त्याकाठी पाणपोई दिसली की जीव निवतो. कडुनिंबाच्या सावलीत वाळूवर मांडलेले रांजण, त्यांभोवती ओले तरट आणि वर कोणाच्या तरी माता-पित्यांच्या स्मरणार्थ लावलेली पाटी. पाणी पिणारा तृप्त होऊन पुढे जातो. पाणपोई घालणाऱ्या कुटुंबाच्या पदरी काय पडते, हा विचार सहसा होत नाही.

रांजण रोज घासावे लागतात, ऊन चढण्यापूर्वी भरावे लागतात. सुटीतील मुले ओगराळ्याने पाणी देतात, अनोळखी माणसाला ‘बसा’ म्हणतात, त्याची जातपात विचारत नाहीत. ज्या आजोबांना त्यांनी पाहिले नाही, त्यांचे नाव त्यांच्या तोंडी बसते. वाटण्या होऊन वेगळे झालेले भाऊ पाळी लावण्याच्या निमित्ताने का होईना, एकमेकांच्या दारी जातात. हे संस्कार शिकवणी लावून होत नाहीत.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात एलिझाबेथ डन व सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. ४६ जणांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर देण्यात आले. काहींनी ते स्वतःवर, तर काहींनी दुसऱ्यासाठी खर्च करायचे होते. सायंकाळी दुसऱ्यासाठी खर्च करणारे अधिक आनंदी आढळले. रक्कम लहान की मोठी, याने फरक पडला नाही. पुढील अभ्यासांतून आणखी दोन गोष्टी दिसल्या : मदत स्वेच्छेने केलेली असावी आणि तिचा उपयोग झालेला देणाऱ्याला दिसावा. तेव्हा मुलांना दटावून सेवेला उभे करण्यात अर्थ नाही. दानाची पावती अवश्य घ्यावी. पण घरच्यांसह एक दिवस पंगतीत वाढप केले, तर त्या दानाचे समाधान घरभर पोहोचते.

विदर्भाला हे नवीन नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले संत गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत, कीर्तन मागाहून. लोकांच्या देणग्यांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करुग्ण व त्यांचे नातलग आजही उतरतात. परक्या शहरात असा आसरा लाभलेले कुटुंब दारी आलेल्याला सहसा विन्मुख पाठवीत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. बाहेर दातृत्वाची ख्याती असलेल्या काही घरांत वृद्धांशी व सुनांशी बोलताना आवाज चढलेला असतो. मुले तेही पाहतात. पाणपोईच्या पाटीवर नाव सासऱ्यांचे असते, पहाटे उठून रांजण भरणारी बहुधा सूनच असते. तिच्या डोईवरचे दोन हंडे तिच्या पतीने उचलले, तर ती सेवाही त्याच पाटीखाली जमा होईल.