पूर्वीप्रमाणेच
वाचावयाचा भाग : दानीएल, अध्याय ६, ओव्या १ ते २३

तीस दिवसपर्यंत राजावाचून कोणाही देवाजवळ वा मनुष्याजवळ काही मागू नये, मागेल त्यास सिंहांच्या गुहेत टाकावे, असा हुकूम दारयावेशाने काढला. दानीएल त्या राज्यातील मोठा अंमलदार होता. इ. स. पूर्वी ६०५ च्या सुमारास त्याला बाबेलास नेले, आणि इ. स. पूर्वी ५३९ त बाबेल पडले. यावरून तो आता ऐंशीच्या घरात असावा. हुकुमावर सही झाल्याचे कळल्यावर तो घरी गेला व यरुशलेमेकडील खिडक्या उघड्या असलेल्या माडीवर, दिवसातून तीन वेळा, गुडघे टेकून प्रार्थना व उपकारस्तुती करीत राहिला. हे त्याने पूर्वीप्रमाणेच केले, असे दहाव्या ओवीवरून कळते.

१. सवय शांततेच्या दिवसांत लागते. सिंह समोर असता गुडघे टेकण्यास शिकावयाला वेळ कोठला? तारुण्यात राजाचे अन्न टाळून १० दिवस शाकान्न व पाणी यांवर राहण्याची परवानगी मागणारा तो हाच दानीएल (अध्याय १).

२. प्रार्थना व काम यांची फारकत नसावी. वैऱ्यांनी शोध करूनही त्याच्या कारभारात दोष सापडला नाही (ओवी ४). पहाटे प्रार्थना करून दुपारी खोटे माप घालणाऱ्याची साक्ष गावात कोण मानील?

३. थोडाही खंड लहान समजू नये. तीस दिवस खिडकी लावून घेणे सोपे होते. परंतु तसे केल्याने राजाला देवाच्या जागी बसविल्यासारखे झाले असते.

प्रभु येशूही आपल्या परिपाठाप्रमाणे शब्बाथ दिवशी सभास्थानात जाई (लूक ४:१६), आणि धरला जाण्याच्या रात्रीही तो नेहमीप्रमाणेच जैतुनांच्या डोंगराकडे गेला (लूक २२:३९).

प्रिय वाचकहो, नवी सवय रोजच्या कामास जोडावी. चूल पेटविण्यापूर्वी प्रार्थना व दिवेलागणीस शास्त्रवाचन, एवढ्याने आरंभ करा. वडील माणसांस वाचता येत नसेल तर मुलाने वाचावे, घराने ऐकावे. सुगीच्या गर्दीत एखादा दिवस चुकला तर निराश न होता दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. देवाची कृपा दिवस मोजून विकत मिळत नाही, ती फुकट मिळते. त्या कृपेचे उपकार मानण्यासाठीच ही सवय आहे.

विचारासाठी प्रश्न
१. आपल्या घरी प्रार्थनेची ठरलेली वेळ कोणती?
२. आपल्या व्यवहारात शेजाऱ्यांस कोणता दोष दिसतो?
३. कोणाच्या भयाने आपण आपली खिडकी लावून घेतो?