गिअर जड पडतो, तेव्हा हाताचा जोर नाही, क्लच तपासा



घाटंजी तालुक्यात पेरा झाला की पऱ्हाटी आणि सोयाबीनच्या डवरणीला सगळ्यांनाच एकाच आठवड्यात पॉवर विडर पाहिजे असतो. पावसानं उघाड दिली की मिळतात ते चार-पाच दिवस. नेमका तेव्हाच अवजार बँकेच्या मशीनचा गिअर अडतो. मग कोणीतरी म्हणतं, "बाईच्या हातानं गिअर नाही पडत जी, माणूस लावा." माणूस लावला की चालवण्याची मजुरी त्याला जाते, आणि मशीन शिकलेल्या ताई पुन्हा निंदायला जातात. म्हणून या अंकातला धडा गिअरचा.

गिअर टाकायला ताकद लागतच नाही. गिअरबॉक्समध्ये दाते असलेली चाकं असतात. आपण दांडी सरकवतो तेव्हा आतला एक काटा, ज्याला मेकॅनिक फोर्क म्हणतात, एक चाक सरकवून दुसऱ्यात बसवतो. इंजिनाचा जोर त्या चाकावर असेल तर दाते एकमेकांना सोडत नाहीत आणि नीट बसतही नाहीत. हा जोर काढून घेणं हे क्लचचं काम. कारमध्ये चालत्या गाडीत गिअर बदलता येतो, कारण तिथे चाकांचा वेग जुळवणारा वेगळा भाग असतो. पॉवर विडरमध्ये तो सहसा नसतो. म्हणून मशीन उभी करायची, रेस कमी करायची आणि मगच गिअर बदलायचा. परदेशात शेतात एटीव्ही नावाची चार जाड टायरांची गाडी चालवतात. तिचा गिअर जड झाला तरी आधी क्लच आणि रेसच पाहतात.

आता तपासणी. मशीन सपाट जागी बंद करा आणि गिअर टाकून पहा. बंद मशीनमध्ये सहज पडतो, पण चालू केली की अडतो किंवा करकर वाजतो, तर दोष बहुतेक क्लचचा आहे. बंद असतानाही अडला तर दात दातावर आला असेल. मशीन हलकेच पुढे-मागे ढकला आणि पुन्हा टाकून पहा. तरीही नाही पडला, तर दोष दांडीत, तेलात किंवा गिअरबॉक्सच्या आत. एवढ्यावरून अर्धं निदान होतं, पैसा लागत नाही.

क्लचबद्दल जास्त बोलते, कारण गोंधळ इथेच होतो. पॉवर विडर दोन प्रकारचे मिळतात. एका प्रकारात मुठीवरचा क्लच दाबला की मशीन चालते, सोडला की थांबते. दुसऱ्या प्रकारात मोटरसायकलसारखं, दाबला की जोर सुटतो. घरी मोटरसायकल पाहिलेली असते, म्हणून पहिल्या प्रकारच्या मशीनवरही आपण क्लच दाबून धरतो आणि गिअर ओढतो. मग तो करकरणारच! तिथे क्लच सोडून गिअर टाकायचा. आपली मशीन कोणत्या प्रकारची आहे ते पुस्तिकेत पहा आणि मुठीजवळ रंगानं मराठीत लिहून ठेवा.

केबल सेट करणंही दोन्हीत उलटं आहे. पहिल्या प्रकारात केबल फार ताणलेली असेल तर क्लच सोडूनही पूर्ण सुटत नाही. मशीन जागच्या जागी पुढे सरकू पाहते. तिथे केबल थोडी सैल करायची. दुसऱ्या प्रकारात केबल सैल पडली की दाबूनही जोर सुटत नाही, म्हणून थोडी ताणायची. त्यासाठी केबलच्या टोकाला नट असतो. आधी त्याचा लॉकनट ढिला करा, नट अर्धा आटा फिरवा, तपासा, मग लागलं तर पुन्हा अर्धा. शेवटी लॉकनट घट्ट करायला विसरू नका. केबलचे तार तुटायला लागले असतील तर सेटिंग करत बसू नका, केबलच बदला.

आपली काळी माती दांडीच्या बुडाशी आणि केबलच्या तोंडात जाऊन बसते आणि वाळली की सिमेंटासारखी होते. दिवसाचं काम झालं की ती ओली असतानाच काडीनं, फडक्यानं काढा. पाण्याचा जोरदार फवारा दांडीच्या रबरावर मारू नका, पाणी आत जातं. केबल उभी धरून वरून पातळ तेलाचे थेंब सोडा. ग्रीस उघड्या भागावर थापू नका, त्याला धूळ चिकटते.

तेल: पुस्तिकेत लिहिलेल्या नंबरचंच गिअर ऑइल. पांढुरकं, ताकासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, बदला. थंडीच्या सकाळी, हरभऱ्याच्या वेळी, पहिली काही मिनिटं गिअर जड वाटला आणि नंतर मोकळा झाला तर काळजी नको, तेल गार होतं. तेलात चकाकणारा चुरा दिसला तर मात्र मशीन चालवू नका. अपवाद एक: नव्या मशीनच्या पहिल्या तेलात थोडा बारीक चुरा येतो, म्हणूनच ते तेल लवकर बदलायचं असतं.

दांडीवर लाथ, हातोडी, पाइप लावून ओढणं, काही काही नको. त्यानं काटा वाकतो, आणि केबलचं शंभरांतलं काम गिअरबॉक्स खोलण्यावर, म्हणजे हजारांवर जातं. पात्यांजवळ हात नेण्याआधी इंजिन बंद करून प्लगची टोपी काढा. डिझेल मशीन असेल तर डिझेलचा कॉक बंद करा. पदर खोचलेला असू द्या. रिव्हर्स टाकताना मागे धुरा किंवा कोणी माणूस नाही ना, ते पहा.

हप्त्याच्या नोंदवहीसारखीच मशीनची एक वही ग्रामसंघात ठेवा. कोणी, किती तास चालवली, तेल कधी बदललं, केबल कधी सेट केली. भाड्यातून दुरुस्तीसाठी किती बाजूला काढायचं तेही बैठकीत ठरवून त्याच वहीत लिहा, म्हणजे जुलैत केबलसाठी वर्गणी काढावी लागणार नाही.

मेकॅनिकला फोन करावाच लागला तर "गिअर खराब झाला" एवढंच सांगू नका. बंद मशीनमध्ये पडतो की नाही, आवाज येतो का, तेल कसं दिसतं, हे सांगा. काम झाल्यावर जुना सुटा भाग परत मागून घ्या आणि मेकॅनिक निघण्याआधी त्यांच्यासमोर आपल्या चालक ताईंनी स्वतः सगळे गिअर टाकून पहावेत.